आधी दार, मग सोफा

सोलापूरजवळच्या होटगी जंक्शनला गाडी थांबली की डब्याचं दार आत उघडतं. ते बाहेर उघडत असतं तर फलाटावरच्या माणसांना लागलं असतं. धावत्या गाडीत कुणी उघडं टाकलं असतं तर शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासलं असतं, नाही तर सिग्नलच्या खांबाने उखडून नेलं असतं. म्हणून रेल्वेने दार आत घेतलं. आत उघडणारं दार गर्दीत मात्र दगा देतं. मागचे रेटतात आणि पुढच्याला दार ओढायला जागाच उरत नाही. त्याची भरपाई रेल्वेने वेगळ्या मार्गाने केली. एका डब्याला चार दारं, पलीकडच्या डब्यात जायला वाट आणि खिडक्यांच्या रांगेत लाल रंगाची संकटकालीन खिडकी.

म्हणजे दार कुठल्या बाजूला उघडायचं हे ठरवल्यावर बाकीचं सगळं त्याभोवती बेतावं लागलं. घरच्या घरी कॅम्पर ट्रेलर बनवायला निघालेले हौशी लोक नेमकं याच्या उलट करतात.

जीपच्या किंवा पिकअपच्या मागे जोडायची, दोन चाकांवरची छोटी खोली, एवढाच या ट्रेलरचा सोपा अर्थ. ऊस आणि कडबा वाहणारे ट्रेलर जिथे बनतात आणि दुरुस्त होतात, त्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये तो उभा राहू शकतो. चौरस पाइप, पत्रा, वेल्डिंग, ग्राइंडर हे सगळं तिथे हाताशी असतं. आधी पलंगाचं माप ठरतं, मग ओटा, मग पंखा, मग छतावरचं सोलर पॅनेल. दार शेवटी. उरलेल्या जागेत जे मावेल ते. हार्डवेअरच्या दुकानातलं बाथरूमचं पीव्हीसी दार, नाही तर घर बांधताना उरलेलं आणि माळ्यावर पडून असलेलं फ्लश डोअर. आतून टॉवर बोल्ट, बाहेरून कडी-कोयंडा, झालं काम!

सरकारी चर्चेचा क्रमही फारसा वेगळा नव्हता. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. त्यात मोठ्या कॅराव्हॅनबरोबर घडीच्या कॅराव्हॅनचा आणि कॅम्पर ट्रेलरचाही विचार होता, ही चांगलीच गोष्ट. पण बातम्यांतून लोकांच्या लक्षात राहिलं ते सोफा-कम-बेड, स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह. आत काय असेल याचं सगळ्यांना अप्रूप होतं. आतला माणूस बाहेर कसा पडेल, हे फारसं कुणी विचारलं नाही.

तो प्रश्न १ जुलै २०२३च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात विचारला गेला. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली, आठ वाचली. बस डाव्या कुशीवर पडली होती आणि दारही डाव्याच बाजूला होतं, म्हणजे जमिनीखाली. वाचले त्यांच्यातल्या काहींनी काच फोडून वाट काढली. बस आणि ट्रेलर यांची बरोबरी होत नाही, हे खरं. उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये दोन-तीन माणसं झोपतात आणि तो धावत असताना आत कुणी बसायचंच नसतं. तरीही त्या रात्रीतून एक गोष्ट घरगुती ट्रेलर बांधणाऱ्याने घ्यायलाच हवी. ज्या खोलीला एकच वाट आहे, तिची ती वाट बंद होऊ शकते. उलटल्याने होईल, आगीने होईल, नाही तर चौकट वाकल्याने होईल.

सोलापूर जिल्ह्याला चाकांवरचा मुक्काम नवा नाही. आषाढीला माऊलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत पंढरपूर गाठते. दिंड्यांबरोबर सामानाचे ट्रक असतात. त्यात राहुट्या, भांडी, शिधा आणि ताडपत्रीखाली थकल्याभागल्याला पाठ टेकायला थोडी जागा. या ट्रकला दार नाही, मागचा फाळका आहे. तो खाली सोडायचा आणि शिडी लावायची. गुडघे धरलेली एखादी आजी त्या शिडीच्या पहिल्या पायरीशी थबकते, दोन हात वरून येतात, एक खालून आधार देतो आणि ती वर जाते. दिवसा हे निभतं, कारण माणसं भोवती असतात. मध्यरात्री तिला एकटीला उतरायचं झालं तर कुणाला तरी उठवावं लागतं.

होटगीच्या वाटेवर कुमठ्याला सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्यांच्या आसऱ्याने गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोपी उभ्या राहतात. बांबू, चटया, प्लास्टिकचा कागद आणि दाराच्या जागी जुनी साडी. ती साडी बाईला आडोसा देते, पण सुरक्षितता देत नाही. तिला आतून कडी लावता येत नाही. कॅम्परची हौस आणि कोपीतली गरज यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, तरी दाराकडून दोघांची मागणी एकच आहे. आतल्या माणसाला हवं तेव्हा बंद करता यावं आणि हवं तेव्हा, कुणाच्या मदतीशिवाय, उघडता यावं. हलक्या, स्वस्त आणि धड लागणाऱ्या दाराची विद्या गावातल्या शेडमध्ये रुजली, तर तिचा उपयोग फक्त सहलीला जाणाऱ्यांना होणार नाही.

दार कुठे असावं, यात थोर थोर चुकले आहेत. १९३४ साली अमेरिकेत हॉले बाउलस या ग्लायडर बनवणाऱ्या माणसाने अॅल्युमिनियमचा चकचकीत ‘रोड चीफ’ ट्रेलर आणला. त्याचं दार होतं समोर, गाडीला जोडणाऱ्या दांड्याच्या वर. आत जायचं तर तो दांडा ओलांडायचा. पुढे एअरस्ट्रीमच्या वॉली बायम यांनी तीच घडण उचलली आणि १९३६च्या ‘क्लिपर’मध्ये दार बाजूला आणलं. तेव्हापासून चांगल्या ट्रेलरचं दार बाजूलाच असतं. मागे दार ठेवण्याचा मोह आपल्याकडे जास्त, कारण टेम्पो आणि ट्रकची तीच सवय. पण धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि रस्त्यावरची धूळ तिथेच ओढली जाते. दक्षिण सोलापूरच्या काळ्या मातीच्या रस्त्याने गेलेल्या कुठल्याही जीपची मागची काच पाहावी. तीच माती मग मागच्या दाराच्या फटीतून अंथरुणावर येऊन बसते.

बाजूला म्हणजे डाव्या बाजूला. आपली वाहतूक डावीकडून, त्यामुळे गाडी कडेला घेतली की डावं अंग रस्त्याबाहेर येतं. उतरणारं मूल ट्रकसमोर न जाता शेताच्या बांधाकडे उतरतं. इथे एक फसगत ठरलेली आहे. परदेशी कॅम्परचे नकाशे आणि तयार दारं आता सहज मिळतात. अमेरिकेत वाहतूक उजवीकडून, म्हणून तिकडे दारही उजव्या अंगाला. तो नकाशा तसाच उतरवला तर दार भर रस्त्यात उघडतं. तिकडचं तयार दार नुसतं उचलून डावीकडे बसवलं तर बिजागरी चुकीच्या कडेला येते. ब्रिटनची वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. नकाशा घ्यायचाच तर तिथला घ्यावा, नाही तर अमेरिकन नकाशा आरशात धरून वाचावा.

ट्रेलरचं दार मात्र बाहेर उघडावं. तो धावताना आत कुणी नसतं, आणि आत उघडणारं दार घाईत दगा देतं. बिजागरी पुढच्या कडेला हवी, हे मोटारींच्या इतिहासाने शिकवलं आहे. जुन्या फियाट ११००ची पुढची दारं मागच्या कडेला टांगलेली असत. चालत्या गाडीत असं दार सटकलं की समोरचा वारा ते सताड उघडतो. पुढच्या कडेला टांगलेलं दार सटकलं तरी वारा त्याला दाबून धरतो. घरगुती ट्रेलरमध्ये ही चूक हमखास होते. घरात दार कुठल्याही कडेला टांगता येतं, आणि सुतार सवयीने पलंग कुठे आहे ते पाहून बाजू ठरवतो.

आता दार कुठलं घ्यायचं? बाथरूमचं पीव्हीसी दार हलकं, स्वस्त आणि पाण्याला न डगमगणारं, म्हणून पहिली पसंती त्याला. पण सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो आणि उन्हात उभा असलेला पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. पहाटेपासून दुपारपर्यंत तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर १.८ मीटर उंचीचं पीव्हीसी दार सुमारे पाच मिलिमीटर वाढतं. त्याच उंचीची लोखंडी चौकट एक मिलिमीटरही वाढत नाही. सकाळी अलगद लागणारं दार दुपारी अडकतं ते यामुळे. शिवाय बाहेरची बाजू तापलेली आणि आतली थंड, म्हणून ते धनुष्यासारखं वाकतं ते वेगळंच. अॅल्युमिनियमची वाढ साधारण दीड मिलिमीटर. त्यासाठी चारी बाजूंना तीन-चार मिलिमीटरची फट आणि रबराची पट्टी पुरते.

फ्लश डोअरचा दोष वेगळा. ते भक्कम असतं, पण घराच्या भिंतीवर टांगण्यासाठी. घराची भिंत हलत नाही. ट्रेलर खड्ड्यात गेला की दाराचं सगळं वजन दोन बिजागऱ्यांवर आदळतं. आज एक स्क्रू सैल, उद्या दुसरा. त्यात पावसाने लाकूड फुगतं. असलेलंच दार वापरायचं तर ते कापून लहान करावं, कडेला नवी पट्टी घालून बंद करावं, दोनऐवजी तीन बिजागऱ्या द्याव्यात आणि त्या स्क्रूवर न ठेवता नट-बोल्टने आरपार कसाव्यात.

सगळ्यात शहाणा पर्याय शेडमध्येच तयार होतो. अॅल्युमिनियमच्या सेक्शनची चौकट, मध्ये थर्मोकोलपेक्षा घट्ट असा इन्सुलेशनचा फोम आणि दोन्ही अंगांना पातळ पत्रा. रुंदी दोन फुटांच्या आसपास, उंची घरातल्या माणसांच्या बेताने. वाड्यांच्या मोठ्या दरवाजात वाकून जायला छोटी दिंडी असे. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजालाही ती आहे. थोडं वाकावं लागणं हा अपमान नव्हे. कमी उंचीचं दार म्हणजे ट्रेलरच्या कुशीत कमी उंचीचं भगदाड.

हे भगदाडच खरं अवघड. पत्र्याची पेटी मजबूत असते ती तिच्या सलग भिंतींमुळे. त्यात दाराचं भगदाड पाडलं की ती बाजू लुळी पडते, आणि कोपरे काटकोनात कापले असतील तर तडा तिथूनच सुरू होतो. १९५४मध्ये कोसळलेल्या ‘कॉमेट’ विमानांच्या तपासातही असे तडे कापलेल्या भागांच्या कोपऱ्यांशीच सापडले होते. म्हणून कॅराव्हॅनच्या दाराचे कोपरे गोलसर असतात, ती काही केवळ शोभा नाही. शेडमध्ये गोल चौकट वाकवायला जमत नसेल तर कोपऱ्यात तिरका तुकडा वेल्ड करावा. आधी पत्रा ठोकून मग ग्राइंडरने दार कापू नये. सांगाड्यातच दाराभोवती पाइपची पूर्ण चौकट बांधावी, तिचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत, आणि दोन्ही सारखे आल्यावरच पक्कं वेल्डिंग करावं. वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट ओढली जाते, म्हणून आधी नुसते टाके घ्यायचे आणि तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून पालटून. मुक्कामी पोचल्यावर दार घासायला लागलं तर दाराला रंधा मारण्याआधी ट्रेलरच्या चार कोपऱ्यांचे टेकू पाहावेत. एक टेकू जास्त उचलला गेला की अख्खी पेटी पिळली जाते आणि त्याची पहिली तक्रार दार करतं.

वरच्या कडेला पन्हळ हवी, नाही तर छतावरचं पाणी थेट उंबऱ्यावर. सोलापुरात पाऊस कमी म्हणून हे टाळलं जातं. पण इथला पाऊस येतो तेव्हा तासाभरात कोसळतो. फट मात्र सगळीकडून बुजवू नये. ट्रेलरमध्ये गॅसची शेगडी असेल तर गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, तेव्हा तळाशी जाळीचं एक भोक उघडंच राहिलं पाहिजे. थंडीत कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावणं म्हणजे वास नसलेल्या विषारी वायूला घरात बोलावणं.

आणि कुलूप. बाहेरचा कडी-कोयंडा ही या साऱ्या खटाटोपातली सर्वांत वाईट वस्तू. माणसं आत झोपलेली असताना बाहेरून कुणीही, खोडसाळपणे किंवा चुकून, ती कडी घालू शकतं. त्यापेक्षा भंगारातल्या मोटारीचा लॅच आणावा. मोटारीचं दार लावताना खटका दोनदा वाजतो. पहिल्या खटक्याला दार अर्धवट लागलेलं असतं, तरी उघडत नाही. दुसऱ्याला पूर्ण बसतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर ती युक्ती कामी येते. आतल्या मुठीने हा लॅच किल्लीशिवाय, अंधारात, एका हाताने उघडतो. टॉवर बोल्टला यातलं काहीच जमत नाही.

दुसरी वाट हवीच. दारासमोरच्या भिंतीत किंवा छतात, मोठा माणूस खांदे तिरके करून निघू शकेल एवढी, बाहेर ढकलली जाणारी खिडकी. ‘पाणी गळेल’, ‘खर्च वाढेल’, ‘दोन रात्रींचा तर प्रश्न’ हे तीन आक्षेप ठरलेले. पहिल्यावर रबर आणि पन्हळ हा उतारा आहे. दुसऱ्यावर सोलर पॅनेलचं बिल दाखवावं. तिसऱ्याला उत्तर कशाला द्यायचं? आग रात्री मोजत नाही.

राहिला कायदा. घरगुती ट्रेलरच नको, असं म्हणणारे आहेत आणि त्यांच्या हातात कागद आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८च्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाबाहेरचे बदल रोखतं, आणि ९ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेपलीकडच्या फेरफारांबद्दल कडक भूमिका घेतली. ती योग्यच आहे. नोंदणी झालेल्या गाडीची कूस परस्पर कापून दार बसवणं हा गुन्हाच मानायला हवा. पण नुसती मनाई केली की शेडमधलं काम थांबत नाही, ते फक्त नजरेआड जातं. मग टॉवर बोल्ट आणि बाहेरची कडी यांवर बोट ठेवणारं कुणी उरत नाही.

नियमांचा तुटवडा नाही. बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२ आहे, स्लीपर कोचसाठी एआयएस-११९, मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४. या मानकांशी निगडित असलेली एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. पण त्या जाड इंग्रजी कागदांचा होटगीतल्या वेल्डरला काय उपयोग? परिवहन विभागाने छोट्या ट्रेलरसाठी एक पानाचा मराठी तक्ता काढावा. दार डाव्या अंगाला, उघडणं बाहेर, बिजागरी पुढे, लॅच दोन खटक्यांचा, आतून किल्लीशिवाय उघडणारा, दुसरी वाट एवढ्या मापाची, गॅससाठी तळाचं भोक. सोबत रेखाचित्र. तो तक्ता सोलापूरच्या आरटीओत लागावा आणि आयटीआयच्या वेल्डिंगच्या वर्गातही. होटगीसारख्या दुभाषी गावात दाराला कवाडही म्हणतात आणि बागिलुही, तेव्हा एक प्रत कन्नडात असली तर आणखी बरं. नोंदणीला आलेल्या ट्रेलरची तपासणी मग याच तक्त्यावरून व्हावी. पहिला कटाक्ष दाराकडे, सोफ्याकडे नंतर.

ज्यांना तोवर थांबवत नाही, त्यांच्यासाठी खडूचा एक तुकडा पुरे आहे. पत्रा आणण्याआधी शेडच्या भिंतीवर दाराचा आयत खऱ्या मापाने काढावा, उंबरा जमिनीपासून जितका वर येणार तिथेच. खाली पायरीच्या जागी दोन विटा ठेवाव्यात. मग घरातल्या सगळ्यांत थकलेल्या गुडघ्यांना बोलवावं. त्यांनी त्या विटांवर पाय ठेवून पाहावा, मुठीची जागा हाताने दाखवावी, एकदा डोळे मिटून ती शोधावी. जिथे हात पडेल तिथे खडूने फुली मारावी आणि लॅच नेमका त्या फुलीवर बसवावा.